ओस्तीच्या साच्यातून केकवर आलेला वेफर पेपर

वेफर पेपर म्हणजे केकवर लावायचा खाण्याजोगा कागद: बटाट्याचा स्टार्च, पाणी आणि नावापुरते तेल. हे मिश्रण तापलेल्या गुळगुळीत पत्र्यांमध्ये शिजवून वाळवले की पांढरा पापुद्रा तयार होतो. जाडी साधारण 0.3 ते 0.6 मिलिमीटर. त्यात साखर नाही, अंडे नाही, जिलेटिन नाही आणि चव जवळपास नाहीच. केक सजवण्यासाठी तो कुणी मुद्दाम शोधून काढलेला नाही. हातात असेपर्यंत कोरडा राहावा आणि जिभेवर ठेवताच विरघळावा, एवढ्याच कामासाठी त्याचे पूर्वज घडले. आज त्याच्याबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, म्हणजे क्रीमवर विरघळला, फ्रिजमधून काढल्यावर फुलांनी मान टाकली, कोरड्या हवेच्या अथणीकडे नेताना पाकळ्या तडकल्या, त्या सगळ्या या मूळ गुणातूनच निघतात. म्हणून त्याची जुनी हकीकत केक करणाऱ्याला उपयोगी पडते.

सुरुवात चर्चमधली. कॅथलिक पंथात मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, जी पातळ गोल ओस्ती देतात, ती फक्त गव्हाचे पीठ आणि पाणी यांची असते. त्यात खमीर नाही, मीठ नाही. मध्ययुगापासून ती लांब दांड्याच्या लोखंडी साच्यात भाजत आले. दोन पाती, त्यांवर कोरलेला क्रूस, मध्ये पळीभर पातळ पीठ, आणि साचा मिटून विस्तवावर. भाजून निघालेला पत्रा इतका कडक असतो की लगेच कापायला घेतला तर त्याचे तुकडे होतात. म्हणून ओस्ती करणारे तो काही तास दमट जागेत ठेवतात, थोडा लवचिक होऊ देतात आणि मगच गोल कापतात. वेफर पेपरला कापण्याआधी दोन सेकंद वाफ दाखवायची जी युक्ती आज केकवाले वापरतात, ती इतकी जुनी आहे.

आपल्या बेळगाव भागात ही ओस्ती गोव्याकडून आली. गोवा 1510 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. घाट चढून वर आले की खानापूर आणि बेळगाव. 1953 मध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याआधी इथला बराच भाग गोव्याच्या धर्मप्रांतात मोडत असे. म्हणजे खाण्याजोगा कागद केकवर दिसायच्या कितीतरी आधी त्याचा पूर्वज या जिल्ह्यात पोहोचला होता.

युरोपात हा पापुद्रा चर्चबाहेरही लवकर पडला. जर्मनीतल्या न्युरेम्बर्गची लेबकुखन ही मसालेदार मिठाई चिकट असते, म्हणून तिच्या तळाशी वेफरची चकती ठेवून भाजतात. भांड्याला चिकटत नाही आणि खाली ओल धरून राहते. इटलीत बदाम आणि मधाचा तोर्रोने दोन वेफरांमध्ये दाबतात, म्हणजे कापताना हाताला लागत नाही. पोर्तुगालमधल्या आवेरू गावात अंड्याचा पिवळा बलक आणि साखर आटवून शिंपल्याच्या आकाराच्या वेफरमध्ये भरतात. ती मिठाई ख्रिस्ती मठांतल्या नन्सकडून आली असे मानतात. इथे वेफरचे काम चिकट पदार्थाला कोरडे आवरण देण्याचे. या मिठायांत पाणी कमी, साखर किंवा मध भरपूर, त्यामुळे पापुद्रा टिकतो. व्हिप्ड क्रीममध्ये मोकळे पाणी खूप असते, म्हणून तिथे तो टिकत नाही. फरक एवढाच आहे, पण सगळे त्यावर अवलंबून आहे.

त्याला खाण्याबाहेरचेही उपयोग होते. डिंकाची पाकिटे येण्याआधी युरोपात पत्रे बंद करायला पिठाच्या छोट्या चकत्या ओल्या करून चिकटवत. लाल रंगासाठी त्यांत शेंदूर घालत, आणि शेंदरात शिसे असते, म्हणून त्या तोंडात घालायच्या नव्हत्या. कडू औषधाची पूड गिळायलाही वेफरची पुडी वापरली गेली. जपानमध्ये स्टार्चचा तसला पातळ पापुद्रा अजूनही मिळतो. 1950 च्या दशकात बेल्जियममधल्या अँटवर्पच्या एका ओस्ती बनवणाऱ्या कारखान्याची मागणी घटली, तेव्हा त्याने दोन रंगीत वेफर वाट्यांमध्ये आंबटगोड पूड भरून मुलांसाठी उडत्या तबकड्या काढल्या. ओस्तीकडून मिठाईकडे जाणारा रस्ता इतका सरळ होता.

गव्हाकडून बटाट्याकडे वळण्याचे कारण रंगात आहे. गव्हाच्या पिठात प्रथिने असतात, भाजताना ती साखरेशी मिळून तांबूस होतात. धुऊन काढलेल्या बटाट्याच्या स्टार्चमध्ये प्रथिने जवळजवळ नसतात, त्यामुळे पापुद्रा पांढराच राहतो आणि त्यावर रंग खुलतो. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन भागात 1840 च्या दशकापासून बटाट्याच्या स्टार्चचे कारखाने उभे राहिले आणि असा स्टार्च स्वस्तात मिळू लागला. यातले रसायन आपल्या घरांत माहितीचे आहे. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवताना तो एका क्षणी घट्ट आणि पारदर्शक होतो, वाळल्यावर काचेसारखा कडक होतो आणि पावसाळ्यात डबा उघडा राहिला की मऊ पडतो. बटाट्याचा स्टार्च साधारण 60 ते 65 अंश सेल्सियसला असाच फुगतो आणि वाळून पापुद्रा धरतो.

केकवर तो आधी दिसत नव्हता, खाली होता. ब्रिटिश बेकरीत मॅकरून आणि नोगटच्या तळाशी हाच कागद घालत आणि त्याला राइस पेपर म्हणत, जरी त्यात तांदूळ नसे. त्यावरून आजही घोटाळा होतो. स्प्रिंग रोलचा व्हिएतनामी राइस पेपर वेगळा आहे, तो आधी पाण्यात भिजवावा लागतो. केकवर उभी शिडे करायला तो चालतो, पण त्यावर फोटो छापता येत नाही. खाद्य शाईचे इंकजेट प्रिंटर आल्यावर वेफर पेपर तळातून केकच्या माथ्यावर आला. पाकळ्या कापून पूर्ण फुले करण्याची पद्धत त्यानंतर जोरात पसरली.

बेळगावात केकची सवय लष्करी कॅम्पमुळे लागली. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, छावणी वसली, बेकऱ्या आल्या. फोटो केक मात्र अलीकडचा, आणि 2020 च्या लॉकडाउननंतर घरून केक करणाऱ्या बायका वाढल्या तसा तो टिळकवाडी-शहापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत पोहोचला. इथे मागणी बहुतेक व्हिप्ड क्रीमच्या केकची असते, आणि नेमका तोच वेफर पेपरचा शत्रू. क्रीमवर ठेवलेला फोटो तासाभरात फुगतो, कारण कागद ओल ओढून पसरतो, तीही सगळीकडे सारखी नाही. मग सुरकुत्या आणि बुडबुडे येतात आणि शेवटी कडा विरघळतात. क्रीमच्या केकवर सपाट फोटो हवा असेल तर शुगर शीटच, म्हणजे छापता येणारा साखरेचा पातळ पत्राच घ्यावा. तो महाग पडतो, पण क्रीममध्ये मुरून सपाट बसतो. वेफर पेपर बटरक्रीम, फोंडंट (साखरेच्या कणकेचे आवरण) किंवा गनाशवर (चॉकलेट आणि क्रीमचे मिश्रण) वापरावा.

बसवताना बटरक्रीम फ्रिजमध्ये घट्ट करून घ्यावे आणि बाहेर काढल्यावर पृष्ठभागावरची ओल सुकू द्यावी. कागद केकच्या काठापासून अर्धा सेंटिमीटर आत राहील असा कापावा. पाठीला पायपिंग जेलचा (केक सजवायचा गोड, पारदर्शक जेल) अगदी पातळ हात फिरवावा, मध्यभाग आधी टेकवावा आणि बाहेरच्या बाजूला हलके दाबत जावे. पाण्याने चिकटवू नये. A4 पानाची रुंदी 21 सेंटिमीटर, त्यात प्रिंटरची कडा सुटते, म्हणून 8 इंची केकचा पूर्ण माथा एका पानात जेमतेम बसतो. 6 इंची केकचा घेर सुमारे 48 सेंटिमीटर असतो, तेव्हा बाजूने पट्टी गुंडाळायची तर दोन तुकडे जोडावे लागतात. छपाई गुळगुळीत बाजूवर करावी, रेषा स्वच्छ येतात. पाने एकेकच घालावीत. प्रिंटर कधीही साधी शाई न भरलेला, फक्त खाद्य शाईचा असावा.

दैवताचा किंवा महाराजांचा फोटो असेल तर त्यावर सुरी फिरवायला कोणालाच नको वाटते. तो जाड वेफर पेपरवर छापून उभा टॉपर, म्हणजे केकवर रोवायची सजावट, करावा. पाठीला वितळवलेल्या पांढऱ्या कंपाउंडचा (पांढऱ्या चॉकलेटसारखा पदार्थ) पातळ थर द्यावा, कडांना दोनदा. कोको बटर चालते. चरबीचा थर ओल अडवतो, म्हणून असा टॉपर क्रीमच्या केकवरही पार्टी होईपर्यंत ताठ राहतो, आणि कापण्याआधी उचलून बाजूला ठेवता येतो.

फुलांसाठी मऊपणा हवा. खाद्य प्रतीचे ग्लिसरिन आणि व्होडका समान घेऊन ब्रशने एक पुसट हात द्यावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. व्होडका नको असेल तर वाफच बरी, वीतभर अंतरावरून दोन-तीन सेकंद. नुसत्या पाण्याने कागद आक्रसतो. ग्लिसरिन जास्त झाले तर पाकळी कधीच सुकत नाही, कारण ग्लिसरिन हवेतली ओल ओढत राहते. जुलै-ऑगस्टमध्ये जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला किंवा बेळगाव शहरातही ते जवळजवळ वगळावे, जाड कागद घ्यावा आणि फुले सिलिका जेलच्या (ओल शोषणारे दाणे) पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावीत. अथणी-रायबागच्या कोरड्या पट्ट्यात एप्रिलमध्ये उलटे होते, तिथे ग्लिसरिनशिवाय पाकळी वाकवताना मोडते. फुलांचा डबा वेगळा न्यावा आणि मंगल कार्यालयात पोहोचल्यावर फुले लावावीत. थंड केक दमट हवेत आला की त्यावर पाणी धरते, आणि पाकळ्या त्यातच बसतात. फुलाची तार केकमध्ये थेट खुपसू नये, ती स्ट्रॉमध्ये घालून टोक बंद करून मगच रोवावी.

रंग कोरडी पूड किंवा अल्कोहोलवर आधारलेला हवा, पाण्यातल्या जेल रंगाने कागद वेडावाकडा होतो. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली चमकी खाण्याची नसते. ‘एडिबल’ हा शब्द आणि परवाना क्रमांक दोन्ही बघावेत. 2024 मध्ये कर्नाटकाच्या अन्नसुरक्षा विभागाने 235 केक तपासले, त्यांतल्या 12 मध्ये घातक रंग सापडले. शाईबाबतही तीच खबरदारी हवी.

या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाळावीच लागते. चिकोडी, निपाणी, अथणी आणि बेळगाव शहरात दिगंबर जैन घरे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांपैकी अनेकांत कंदमुळे वर्ज्य आहेत. वेफर पेपरमध्ये अंडे नाही म्हणून तो एगलेस केकवर सर्रास लावला जातो, पण तो बटाट्याचा आहे हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. हे सांगायलाच हवे, न सांगणे ही फसवणूकच होते. शुगर शीटमध्येही टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च असू शकतो. व्हिएतनामी राइस पेपरमध्येही टॅपिओका अनेकदा असतो. मक्याच्या स्टार्चची शीट मिळाली तर ती चालते, मात्र पाकिटावरची घटकांची यादी पूर्ण वाचून. ऑर्डर घेताना ‘एगलेस की जैन’ असे आधीच विचारावे, आणि जैन म्हटले की फुले बटरक्रीमची किंवा चॉकलेटची करावीत.