कामगार खासदार आणि कामगारांचा खासदार

ब्रिटनच्या पार्लमेंटात पहिला कामगार खासदार कधी निवडून गेला, असं विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. कुणी १८७४ सांगतं, कुणी १८९२, कुणी १९००. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं यावरून हमखास गोंधळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तिन्ही सालं बरोबर आहेत, फक्त प्रत्येकामागचा प्रश्न वेगळा आहे.

घोळाचं एक मूळ आपल्या भाषेतही आहे. मराठी वर्तमानपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ आणि ‘मजूर पक्ष’ ही जोडी इतकी झकास रुळवली की मजुरांचा माणूस म्हटला की तो मजूर पक्षाचाच, असं आपण धरून चालतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मात्र पार्लमेंटात गेलेले बहुतेक मजूर लिबरल, म्हणजे उदारमतवादी पक्षाच्या बाकांवर बसत. इतिहासात त्यांना ‘लिब-लॅब’, म्हणजे लिबरल-लेबर म्हणतात. त्यांच्याविरुद्ध पुढे जी मंडळी उभी राहिली ती ‘स्वतंत्र मजूर’ वाली. दोघेही खाणीतून, गिरणीतून, दगडफोडीतून वर आलेले, दोघेही कामगारांच्याच बाजूने बोलणारे. एकाच फोटोत उभे केले तर कोण कुठला हे कपड्यांवरूनच कळेल. कपड्यांची गोष्ट पुढे येईल.

दोन्ही बाजूंचा एकेक माणूस घेऊ. टॉमस बर्ट हा इंग्लंडच्या ईशान्येचा, जन्म १८३७ चा, म्हणजे राणी गादीवर आली त्याच वर्षीचा. केअर हार्डी स्कॉटलंडचा, जन्म १८५६ चा. दोघेही दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरले आणि दोघांनाही पहिलं काम एकच मिळालं. खाणीत हवा खेळती राहावी म्हणून बोगद्यांना लाकडी दारं असत. कोळशाची गाडी आली की दार ओढायचं, गेली की सोडायचं. त्या दारापाशी अंधारात दिवसभर एकटं पोर बसलेलं असे. मजुरी वाढवून मागण्याच्या फार आधी या दोघांनी हा एकटेपणा भोगला होता. तेव्हा अमका खरा कामगार आणि तमका नकली, ही मांडणी सुरुवातीलाच बाद होते.

बर्टचा मार्ग आधी मोकळा झाला. १८६७ च्या सुधारणा कायद्याने शहरी मतदारसंघांत घर चालवणाऱ्या पुरुषांना मत मिळालं आणि मतदारांची संख्या साधारण दुप्पट झाली. १८७२ मध्ये मतदान गुप्त झालं, त्यामुळे मालकाच्या डोळ्यांदेखत मत सांगायची पाळी टळली. खासदाराकडे ठरावीक मालमत्ता असावी ही अट तर १८५८ सालीच गेली होती. १८३८ च्या सनदेत चार्टिस्टांनी, म्हणजे मताधिकारासाठी लढणाऱ्या कामगार चळवळीने, केलेल्या सहा मागण्यांपैकी दोन अशा पदरात पडल्या. मात्र एका मागणीने कामगारांना विसाव्या शतकापर्यंत छळलं. ती होती खासदारांना पगार देण्याची. तो १९११ पर्यंत नव्हता. शिवाय निवडणूक भरवायचा सरकारी खर्चही उमेदवारांच्याच डोक्यावर असे. ज्याच्याकडे जमीन किंवा गिरणी आहे त्याने हे सोसावं. खाणकामगाराने लंडनला जाऊन खायचं काय?

नॉर्थम्बरलँडच्या खाणकामगार संघटनेने हा प्रश्न स्वतःच सोडवला. सभासदांच्या वर्गणीतून बर्टला वर्षाला ५०० पौंड द्यायचे ठरले. १८७४ च्या निवडणुकीत तो मॉरपेथमधून मोठ्या फरकाने निवडून आला. त्याच वेळी स्टॅफर्डमधून दुसरे खाणकामगार पुढारी अलेक्झांडर मॅकडॉनल्ड विजयी झाले. पहिलं उत्तर १८७४ येतं ते यामुळे. अंगमेहनत करून वर आलेली माणसं त्या सभागृहात प्रथमच बसली.

पुढच्या दहा-बारा वर्षांत ही रांग वाढली. १८८० मध्ये पाथरवट हेन्री ब्रॉडहर्स्ट आला. १८८६ मध्ये तो गृहखात्यात उपमंत्री झाला. सरकारात बसलेला तो पहिला कामगार. १८८४ च्या कायद्याने गावखेड्यांतल्या घरधारकांनाही मत मिळालं, आणि १८८५ मध्ये शेतमजुरांची संघटना बांधणारा जोसेफ आर्च नॉरफकमधून निवडून आला. हे सगळे ग्लॅडस्टनच्या लिबरल पक्षाचे. कामगारांच्या प्रश्नावर ते आपलं मत मांडत, बाकी सगळ्या बाबतीत लिबरल प्रतोदाचा आदेश पाळत. सोयरीक दोघांनाही सोयीची होती. मुक्त व्यापार, धर्मस्वातंत्र्य, आयर्लंडचा प्रश्न, यांत त्यांचं आणि लिबरलांचं मनापासून पटत असे.

मग बिनसलं कुठे? उमेदवारी देण्यात. लंडनमधले लिबरल नेते कामगारांना जागा सोडायला राजी असत. पण तिकीट ठरवी ती स्थानिक समिती. तिथे बसलेले असत गावचे वकील, व्यापारी, गिरणीमालक. कामगाराच्या मतांवर त्यांचा डोळा असे, पण कामगाराला उमेदवार करायचं म्हटलं की त्यांची मान हलत नसे. शिवाय त्याचा खर्च कोण करणार?

१८८८ मध्ये मिड-लॅनार्कला पोटनिवडणूक लागली. मतदारसंघ खाणकामगारांचा, हार्डी त्यांच्याच भागातला. त्याने रीतसर लिबरल उमेदवारी मागितली. समितीने त्याला डावलून बाहेरचा माणूस आणला. आपल्याला सुरक्षित जागा आणि वर्षाला ३०० पौंड देऊ केले होते, बदल्यात माघार घ्यायची होती, असं हार्डी पुढे सांगत असे. त्याने माघार घेतली नाही. मतं पडली ६१७ आणि तो तिसरा आला. इतक्या मतांनी कुणी इतिहासात जात नाही, पण या ६१७ मतांनी एक गोष्ट ठरवून टाकली. हार्डीने लिबरलांची दारं पुन्हा ठोठावली नाहीत. त्याच वर्षी स्कॉटिश लेबर पार्टी उभी राहिली.

१८९२ मध्ये लंडनच्या पूर्वेच्या वेस्ट हॅम साउथमधून हार्डी निवडून आला. हे दुसरं उत्तर. पार्लमेंटात पहिल्या दिवशी लांब काळा कोट आणि उंच रेशमी हॅट घालून जायची रीत होती. कामगार खासदारही ती पाळत. हार्डी ट्वीडचा सूट आणि कापडी टोपी घालून गेला. वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने भरले. मला यात दिखाऊपणा दिसत नाही. आपण या घरात पाहुणे नाही आणि उमेदवारही नाही, आपल्याला पाठवणाऱ्यांच्या वेषात आपण आलो आहोत, एवढंच त्याला सांगायचं होतं. याच निवडणुकीत मुंबईचे दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून जेमतेम मतांनी निवडून आले. त्यांची तऱ्हा वेगळी, प्रश्न वेगळा, पण बसण्याची जागा लिब-लॅबांसारखीच होती. आवाज हिंदुस्थानचा आणि तिकीट लिबरलांचं.

जानेवारी १८९३ मध्ये ब्रॅडफर्डला इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली. गाव निवडण्यामागे कारण होतं. दोन वर्षांपूर्वी तिथल्या मॅनिंगहॅम मिलमध्ये मजुरी कापल्यावरून पाच महिने संप चालला आणि मोडला. त्यात गावातले प्रतिष्ठित लिबरल कुठल्या बाजूला उभे राहतात, ते विणकरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

या नावातला ‘स्वतंत्र’ हा शब्द मराठी वाचकाला चकवतो. आपल्याकडे इंडिपेंडंट उमेदवार म्हणजे अपक्ष. इथे अर्थ नेमका उलटा आहे. हे लोक अपक्ष नव्हते, त्यांना स्वतःचा पक्ष हवा होता, म्हणून स्वतंत्र. कुणापासून स्वतंत्र, तर मालकांच्या दोन्ही पक्षांपासून, आणि विशेषतः आपला वाटणाऱ्या लिबरल पक्षापासून. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत काढलेल्या पक्षाचं नाव अक्षरशः हेच, स्वतंत्र मजूर पक्ष. तिथेही ‘स्वतंत्र’चा अर्थ अपक्ष असा लावला तर चूकच होते.

आता बर्टकडे परत जायला हवं, कारण इथे त्याच्यावर अन्याय होऊ शकतो. कायद्याने आठ तासांचा दिवस करावा ही हार्डीची मोठी मागणी. बर्टचा तिला विरोध. हे ऐकून तो मालकांना फितूर होता असं वाटेल. पण खाणीतली पाळ्यांची पद्धत पाहा. नॉर्थम्बरलँड आणि डरहममध्ये कोळसा खोदणारे साधारण सात तास काम करत. त्यांच्या दोन पाळ्या लागत, आणि दोन्ही पाळ्यांना पुरी पडणारी गाडी ढकलणाऱ्या पोरांची पाळी मात्र एकच, दहा तासांची. आठ तासांचा कायदा आला की पोरांचे तास कमी होणार आणि खोदणाऱ्यांची घडी विस्कटणार. संघटनेत मतदार खोदणारे होते. बर्ट त्यांचं म्हणणं इमानदारीने मांडत होता. त्याच्या बाकीच्या प्रतिनिधित्वात खोट नव्हती, फक्त ती पोरं त्यात नव्हती, आणि लहानपणी तो स्वतः त्यांच्यातलाच एक होता. या प्रकरणातलं मला सर्वांत जास्त बोचणारं ठिकाण हेच.

हार्डी कुणाचा प्रतिनिधी होता ते जून १८९४ मध्ये दिसलं. २३ तारखेला राजघराण्यात पणतू जन्मला. त्याच दिवशी दक्षिण वेल्समधल्या अल्बियन खाणीत स्फोट होऊन अडीचशेहून अधिक माणसं आणि पोरं मेली. सभागृहाने अभिनंदनाचा ठराव आणला. मेलेल्यांसाठी दुःखाचे दोन शब्द त्यात जोडा, ही हार्डीची मागणी मान्य झाली नाही. २८ तारखेला तो ठरावाच्या विरोधात एकटा उभा राहिला आणि चहूकडून आरडाओरड होत असताना बोलला. वेस्ट हॅमच्या त्याच्या मतदारसंघात कोळशाची एकही खाण नव्हती.

एकट्याच्या आवाजाने मतं मात्र मिळत नाहीत. १८९५ मध्ये नव्या पक्षाचे २८ च्या २८ उमेदवार पडले, हार्डीसुद्धा. पैसा कामगार संघटनांकडे होता आणि संघटना लिबरलांकडे. फेब्रुवारी १९०० मध्ये लंडनच्या मेमोरियल हॉलमध्ये नवा पक्ष आणि कामगार संघटना या दोघांना एकत्र आणणारी समिती झाली, तिचं नाव लेबर रिप्रेझेंटेशन कमिटी. तिथे हार्डीने मांडलेल्या दुरुस्तीतला कळीचा मुद्दा होता, पार्लमेंटात कामगारांचा वेगळा गट आणि त्याचे स्वतःचे प्रतोद. लिब-लॅब आणि हे, यांतला सगळा फरक त्या ‘स्वतःचे’ शब्दात आहे. त्या वर्षीच्या निवडणुकीत समितीचे दोनच लोक आले, मर्थर टिडव्हिलमधून हार्डी आणि डर्बीतून रेल्वे कामगारांचा रिचर्ड बेल. तिसरं उत्तर १९०० ते याचं. पुढे जानेवारीत राणी गेली.

रेघ इतकी सरळही नव्हती. हार्डीला १८९२ मध्ये जागा मिळाली ती लिबरल उमेदवार समोर नसल्यामुळे. बेल पुढे लिबरलांकडेच झुकला. आणि १९०६ ला २९ खासदार घेऊन ‘लेबर पार्टी’ हे नाव लावलं गेलं, त्यामागे लिबरलांशी गुपचूप झालेलं जागावाटप होतं. दुसरीकडे बर्टचा पगार पहिल्यापासून कामगारांच्या वर्गणीतून होता, तो लिबरल पक्षाचा मिंधा कधीच नव्हता.

१९०९ मध्ये खाणकामगारांचा महासंघ लेबर पार्टीत गेला आणि आपल्या खासदारांनी नव्या पक्षाच्या घटनेवर सही करावी असा आदेश निघाला. बहुतेकांनी सही केली. बर्टने, चार्ल्स फेनविकने आणि जॉन विल्सनने केली नाही. बर्ट तेव्हा सत्तरी ओलांडलेला. मॉरपेथने त्याला पुन्हा लिबरल म्हणूनच पाठवलं, आणि १९१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो त्याच बाकावर बसला, सभागृहातला सर्वांत जुना सदस्य म्हणून.