गिलीट : चांदीच्या एका थराच्या पेटंटची पार्श्वभूमी

‘गिलीट’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो इंग्रजी ‘गिल्ट’पासून आला, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. गिलिटाचा दागिना म्हणजे वरून सोने, आत तांबे किंवा पितळ. आज बाजारात ‘एक ग्राम सोन्याचे’ म्हणून जे दागिने मिळतात ते याच घराण्यातले. त्यांच्यावर सोने चढते ते विजेच्या प्रवाहाने, रसायनाच्या टाकीत बुडवून. अशा टाक्यांवर मोठा व्यवसाय पहिल्यांदा उभा राहिला तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात, आणि त्याचा पाया होता एक पेटंट. जॉर्ज रिचर्ड्स एल्किंग्टन आणि त्यांचे चुलतभाऊ हेन्री एल्किंग्टन यांना ते २५ मार्च १८४० रोजी मिळाले.

एखाद्या कंपनीने सरफेस ट्रीटमेंटच्या, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर थर देण्यासारख्या प्रक्रियेच्या, नव्या तंत्राचे पेटंट घेतल्याची बातमी आली की तिच्यात नेमके कशाला संरक्षण मिळाले हे बहुधा कळत नाही. थराला? यंत्राला? रसायनाला? की ते सगळे करण्याच्या क्रमाला? हा घोळ समजून घ्यायचा तर एल्किंग्टन यांच्या प्रकरणाइतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

एका धातूच्या वस्तूवर दुसऱ्या धातूचा थर देणे हे काम फार जुने. आमटी कळकू नये म्हणून पितळी पातेल्याला कल्हई करणारा कल्हईवाला हेच करी: भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील लावून बोळा फिरवायचा. सोन्याचा मुलामा देण्याची जुनी रीत मात्र जीवघेणी होती. सोने पाऱ्यात मुरवून त्याचा लगदा वस्तूला फासायचा आणि वस्तू विस्तवावर धरायची. पारा वाफ होऊन उडून जाई, सोने मागे राही. ती वाफ कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरू लागत, दात हलू लागत, तोंडाला सतत लाळ सुटे. युरोपातल्या मुलामा देणाऱ्यांच्या गल्ल्यांमध्ये हे पिढ्यान्‌पिढ्या चालले होते.

चांदीची कथा वेगळी. शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हर यांना १७४३ च्या सुमारास आढळले की तांब्याच्या ठोकळ्यावर चांदीचा पत्रा ठेवून तापवला की दोन्ही जुळतात, आणि मग लाटले तरी बरोबरच पसरतात. या पत्र्यापासून बटणे, पेट्या आणि नंतर मेणबत्तीची झाडे, किटल्या बनू लागल्या. बोल्सोव्हर यांनी पेटंट घेतले नाही. कल्पना सगळ्या शेफील्डची झाली आणि गावाने त्यावर शंभर वर्षे पोट भरले. तरी या पद्धतीला एक अंगभूत मर्यादा होती. थर आधी आणि आकार नंतर, त्यामुळे पत्रा कापला की कडेला तांबे दिसे, आणि ओतीव नक्षीच्या वस्तूंना ही पद्धत लागूच पडत नसे.

आकार आधी आणि थर नंतर, हे विजेमुळे शक्य झाले. व्होल्टा यांनी १८०० मध्ये विद्युतघट जाहीर केला आणि पाचच वर्षांत, १८०५ मध्ये, पाविया इथल्या लुईजी ब्रुन्यातेल्ली यांनी चांदीच्या पदकांवर विजेने सोने चढवून दाखवले. पण तेव्हाचे घट लवकर मंदावत. स्थिर प्रवाह देणारा डॅनियलचा घट १८३६ मध्ये आला. त्यापाठोपाठ सेंट पीटर्सबर्गमध्ये याकोबी आणि लिव्हरपूलमध्ये थॉमस स्पेन्सर यांनी विजेने तांबे जमवून नाण्यांच्या, शिक्क्यांच्या हुबेहूब प्रती काढल्या. म्हणजे १८४० उजाडले तेव्हा ‘विजेने धातूवर धातू चढतो’ ही गोष्ट युरोपभर माहीत झाली होती. तिच्यावर कुणालाच हक्क सांगता येत नव्हता. मग एल्किंग्टन यांनी पेटंट घेतले ते कशाचे?

उत्तर टाकीतल्या पाण्यात आहे. एल्किंग्टन मूळचे बर्मिंगहॅमच्या ‘टॉय’ धंद्यातले. तिथे टॉय म्हणजे खेळणी नव्हेत, तर बटणे, बकले, चष्म्याची घरे असा किरकोळ चकचकीत माल. या मालाला मुलामा लागे, आणि पाऱ्यावाचून तो देता आला तर हवाच होता. जॉर्ज एल्किंग्टन यांनी १८३६ मध्ये वस्तू सोन्याच्या गरम द्रावणात नुसती बुडवून मुलामा देण्याचे पेटंट घेतले. त्यात वीज नव्हती. वस्तूच्या पृष्ठभागावरचे तांबे विरघळे आणि त्याच्या जागी सोने बसे. साहजिकच सगळे तांबे झाकले गेले की प्रक्रिया थांबे. थर फारच पातळ राही. जाड थर हवा तर बाहेरून प्रवाह देणे भाग होते.

प्रवाह दिला तरी चांदी नीट बसेना. चांदीच्या साध्या क्षारांच्या द्रावणात तांब्याची वस्तू सोडली तर वीज सुरू होण्याआधीच तांब्यावर सैल, काळपट चांदीचा लेप बसतो, आणि त्याच्यावर चढलेला थर बोटाने निघतो. प्रवाह वाढवला तर घट्ट थराऐवजी काटेरी फांद्या वाढतात. या अडचणीतून वाट काढली ती एका शस्त्रवैद्याने. बर्मिंगहॅमचे जॉन राइट हे फावल्या वेळात असे प्रयोग करत. स्वीडिश रसायनतज्ज्ञ शेले यांच्या निबंधांत त्यांना वाचायला मिळाले की सोन्याचांदीचे सायनाईड पोटॅशियम सायनाईडमध्ये विरघळते. राइट यांनी तेच द्रावण टाकीत वापरले. चांदी घट्ट, एकसारखी आणि हवी तितकी जाड चढली.

कारण आज सोप्या शब्दांत सांगता येते. सायनाईड चांदीच्या आयनाला, म्हणजे द्रावणातल्या विद्युतभारित कणाला, घट्ट धरून ठेवते. मोकळी चांदी द्रावणात जवळपास नसतेच. त्यामुळे तांब्यावर आपोआप लेप बसण्याची ओढ कमी होते, आणि वीज जेवढी मागेल तेवढीच चांदी सुटते. राइट यांना हे आयनांच्या भाषेत माहीत असणे शक्य नव्हते. त्यांनी वाचन आणि हात यांच्या बळावर शोधले.

एल्किंग्टन यांचा स्वतःचा अर्ज तोवर तयार होता, त्यात अमोनियातल्या चांदीची पद्धत होती. राइट यांचे काम समोर आल्यावर त्यांनी ते विकत घेतले आणि सायनाईडची पद्धत आपल्या पेटंटच्या तपशिलात समाविष्ट केली. चढवलेल्या चांदीच्या दर औंसामागे एक शिलिंग अशी रॉयल्टी ठरली. राइट १८४४ मध्ये, चाळिशीही न गाठता वारले, तेव्हा त्यांच्या पत्नीला वार्षिक वेतन बांधून देण्यात आले. व्यवहार सचोटीचा होता असेच मी म्हणेन. तरीही पेटंट दोघा एल्किंग्टनांच्या नावे आहे, आणि ज्या एका गोष्टीमुळे त्याला मोल आले ती तिसऱ्याची होती, हे प्रत्येक वेळी सांगितले गेले पाहिजे.

तेव्हाचे ब्रिटिश पेटंट १४ वर्षांचे असे आणि फार महाग पडे. एकट्या इंग्लंडसाठी सुमारे १०० पौंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड धरून ३०० पौंडांच्या वर. अर्ज एकामागून एका कचेरीतून फिरत राही. एवढा पैसा आणि दम कारागिराकडे नसे, कारखानदाराकडे असे. राइट यांनी स्वतः पेटंट न घेता आपले ज्ञान विकले, त्यामागे ही परिस्थिती होती असे मला वाटते. एल्किंग्टन यांनाही भांडवल कमी पडले. १८४२ मध्ये लिहिण्याच्या पोलादी टाकांचे कारखानदार जोसाया मेसन भागीदार झाले आणि न्यूहॉल स्ट्रीटवरचा कारखाना विस्तारला.

पेटंट मिळाल्यावर एल्किंग्टन स्वस्थ बसले नाहीत, आणि मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. टाकीच्या आसपासची प्रत्येक वाट त्यांनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. मॅग्डेबर्गच्या किल्ल्यात द्वंद्वयुद्धातल्या सहभागाबद्दल कैदेत असलेल्या व्हेर्नर सीमेन्स या तरुण प्रशियन अधिकाऱ्याने तिथेच मुलाम्याचे प्रयोग केले आणि १८४२ मध्ये प्रशियात पेटंट मिळवले. पुढच्या वर्षी त्यांचे धाकटे भाऊ विल्यम ती पद्धत घेऊन इंग्लंडला आले. वय अवघे विशीचे, इंग्रजी कच्चे. एल्किंग्टन यांनी ती १६०० पौंडांना घेतली, त्यातून पेटंटच्या खर्चाचे ११० पौंड वजा करून. पुढे जगभर पसरलेल्या सीमेन्स घराण्याची ही पहिली मोठी कमाई.

बर्मिंगहॅमच्याच जॉन स्टीफन वुलरिच यांनी १८४२ मध्ये चुंबक आणि तारेच्या गुंडाळ्यांनी वीज निर्माण करून मुलामा देण्याचे पेटंट घेतले. त्यांनी १८४४ मध्ये बांधलेले यंत्र आजही बर्मिंगहॅमच्या विज्ञान संग्रहालयात आहे. फॅरडे यांनी प्रयोगशाळेत दाखवलेले तत्त्व कारखान्यात राबवणारे ते पहिले जनित्र मानले जाते. वीज दिव्यांसाठी वापरात येण्याच्या कितीतरी आधी ती चमच्यांसाठी आली. ही यंत्रे एल्किंग्टन यांनीही वापरली. अलेक्झांडर पार्क्स, ज्यांचे नाव पुढे पहिल्या प्लास्टिकशी जोडले गेले, ते याच कारखान्यातले. त्यांनी फुलांसारख्या नाजूक वस्तूंवर धातू चढवण्याच्या पद्धती बसवल्या. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांना त्यांनी चांदी चढवलेले कोळिष्टक भेट दिले होते.

पार्क्स यांच्या एका पद्धतीतून आणखी एक शोध नकळत लागला. मेणाच्या साच्यांना लावलेल्या रसायनातले कार्बन डायसल्फाइड टाकीत उतरले, आणि त्या टाकीतल्या वस्तू नेहमीसारख्या पांढुरक्या न निघता एकदम चकचकीत निघाल्या. हे मिलवर्ड नावाच्या गृहस्थांच्या लक्षात आले. काही काळ ते गुपित ठेवले गेले. गुपित फुटल्यावर १८४७ मध्ये मिलवर्ड आणि लायन्स यांच्या नावे पेटंट झाले. सरफेस ट्रीटमेंटच्या धंद्यातला कायमचा पेच इथे उघड दिसतो. टाकीत काय मिसळले ते वस्तूकडे पाहून कळत नाही, त्यामुळे ते झाकून ठेवण्याचा मोह होतो. पण टाकीजवळ रोज दहा माणसे वावरतात. एक जण दुसरीकडे कामाला लागला की गुपितही त्याच्याबरोबर जाते. आपल्याकडच्या प्लेटिंगच्या शेडमध्येही ‘ब्राइटनर’चा, म्हणजे थराला चमक आणणाऱ्या रसायनाचा, कॅन कुठला आहे हे ज्याला माहीत असते त्याची किंमत वेगळीच असते.

फ्रान्समध्ये रुओल्झ यांनी जवळपास त्याच काळात पेटंटे घेतली होती. पॅरिसचे जवाहिरे शार्ल क्रिस्तोफ्ल यांनी १८४२ मध्ये रुओल्झ यांचे आणि एल्किंग्टन यांचे असे दोन्हीकडचे फ्रेंच हक्क घेऊन टाकले. फ्रेंच विज्ञान अकादमीने या कामासाठी एल्किंग्टन, रुओल्झ आणि जिनिव्हाचे द ला रीव्ह यांना मोंत्यों पारितोषिक दिले. हे पारितोषिक कोणत्या सदरातले होते ते महत्त्वाचे: एखादा धंदा आरोग्याला कमी घातक करणाऱ्यांसाठीचे. पाऱ्याच्या वाफेतून कारागीर सुटले, ही या पेटंटची सर्वांत मोठी पुण्याई. तिच्या जागी सायनाईड आले आणि त्याचे धोके वेगळे, हेही तितकेच खरे. आम्लाचा अंश टाकीत गेला तर त्यातून प्राणघातक वायू निघतो.

इंग्लंडमध्ये इतर कारखानदारांना परवाने विकले गेले, शेफील्डमध्येसुद्धा. तांब्यावर पत्रा जोडण्याची बोल्सोव्हर यांची पद्धत १८५० च्या दशकापर्यंत जवळपास संपली. नव्या मालाचा गाभा बहुधा तांबे, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूचा असे. त्याला जर्मन सिल्व्हर म्हणत. हेच नाव फिरत फिरत आपल्याकडे येऊन अॅल्युमिनियमच्या पातेल्याला चिकटले आणि ‘जर्मनची भांडी’ झाली. जुन्या ट्रेवर किंवा चहादाणीवर ‘ई. पी. एन. एस.’ असा ठसा दिसला तर तो विजेने चांदी चढवलेल्या याच धातूचा. विम्बल्डनमध्ये महिला एकेरीच्या विजेतीला मिळणारे ‘व्हीनस रोझवॉटर’ तबक एल्किंग्टन यांच्याच कारखान्यात १८६४ मध्ये घडले.

१८५२ मध्ये ब्रिटनचा पेटंट कायदा बदलला, फी उतरली, एकच कचेरी झाली. तोवर जुन्या पेटंटचा तपशील वाचायचा तर ज्या कचेरीत तो नोंदला असेल तिथे जाऊन, पैसे मोजून, गुंडाळ्या उलगडाव्या लागत. नव्या कचेरीतले अधिकारी बेनेट वुडक्रॉफ्ट यांनी १६१७ पासूनची सगळी १४,३५९ पेटंटे क्रमांक देऊन छापून काढली. एल्किंग्टन यांच्या पेटंटचा ८४४७ हा क्रमांकही त्यांनी मागाहून दिलेला. दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, त्या पेटंटची मुदत संपली. कृती छापील होती, हक्क उरला नव्हता. ज्याच्याकडे घट आणि सायनाईड असेल त्याला चांदी चढवता येऊ लागली. एल्किंग्टन तोवर संग्रहालयांसाठी विजेने प्रती काढण्याच्या कामात पुढे गेले होते, आणि पुढच्या पिढीतल्या जेम्स एल्किंग्टन यांनी १८६५ मध्ये याच तत्त्वाने अशुद्ध तांबे शुद्ध करण्याचे पेटंट घेतले. विजेच्या तारांना लागणारे शुद्ध तांबे आजही त्याच मार्गाने तयार होते.

भारतात पेटंटचा पहिला कायदा १८५६ मध्ये आला, म्हणजे एल्किंग्टन यांच्या मूळ पेटंटची मुदत सरल्यानंतर. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंग यांचा, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. आजचा कायदा १९७० चा आणि मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची. टाकीत डोकावल्याशिवाय नक्कल सिद्ध कशी करायची, या जुन्या प्रश्नाला २००२ च्या दुरुस्तीने कलम १०४-क मध्ये उत्तर दिले. प्रक्रियेच्या पेटंटचा दावा असेल, तिच्यातून थेट निघणारी वस्तू नवी असेल, आणि प्रतिवादीची वस्तू तंतोतंत तशीच असेल, तर आपली पद्धत वेगळी आहे हे दाखवून देण्यास न्यायालय प्रतिवादीलाच सांगू शकते. आणि असे सांगताना त्याची व्यापारी गुपिते विनाकारण उघडी पडणार नाहीत, याची काळजी घेण्याचेही त्याच कलमात लिहिले आहे.