मूत्रपिंड, मेंदू आणि भूक

मूत्रपिंडे व मेंदू यांच्यात रक्तातील द्रव्ये आणि मज्जातंतू यांच्यामार्फत चालणाऱ्या देवघेवीचा भुकेवर व वजनावर होणारा परिणाम. भूक पोटात लागल्यासारखी वाटते. तिचा हिशेब मात्र प्रामुख्याने मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये होतो. तेथील एजीआरपी पेशी खाण्याची ओढ वाढवतात, पीओएमसी पेशी ती शमवतात. दोन्ही रक्तातून आलेल्या निरोपांवर चालतात. निरोप जुना झाला की तो पुसून टाकण्याचे काम बऱ्याच अंशी मूत्रपिंडांकडे असते, आणि बिघाड होतो तो बहुधा या पुसण्यात.

चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन (शोध १९९४) शरीरात साठा पुरेसा असल्याचे मेंदूला कळवते. त्याचा निचरा मुख्यतः मूत्रपिंडांतून होतो. ती निकामी होऊ लागली की लेप्टिन रक्तात साचते. माणूस रोडावत असतो आणि मेंदूला मात्र भरल्या कोठाराची वर्दी मिळत राहते. लेप्टिनचा हा निरोप पीओएमसी पेशींमार्फत भूक शमवतो. ही वाट तोडून पाहिलेली आहे. पीओएमसी पेशींचा संदेश झेलणारा मेलॅनोकॉर्टिन-४ ग्राही ज्या उंदरांत नव्हता, ते मूत्रपिंडे बिघडवल्यावरही इतरांसारखे खंगले नाहीत.

तरी सगळा दोष लेप्टिनच्या माथी मारता येत नाही. मूत्रपिंडविकारात जीडीएफ-१५ हे प्रथिनही वाढते. त्याचा ग्राही पश्चमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात, मळमळ व उलटीशी निगडित भागात असतो. त्यात रक्तातील आम्लता, दीर्घकाळचा दाह आणि तोंडाची धातूसारखी चव यांची भर पडते. रुग्णाची अन्नावरची वासनाच उडते. स्नायू व चरबी दोन्ही झिजवणाऱ्या या अवस्थेला २००८ पासून ‘प्रथिन-ऊर्जा क्षय’ म्हटले जाते. वजनकाटा येथे फसवा ठरतो, कारण अंगात साठलेले पाणी झीज झाकते. म्हणून डायालिसिसच्या रुग्णाचे ‘ड्राय वेट’, म्हणजे जादा पाणी काढल्यानंतरचे वजन, पाहतात.

उलट दिशेने, लेप्टिन मेंदूमार्फत मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या अनुकंपी (शरीराला ताणाच्या वेळी सज्ज करणाऱ्या) मज्जातंतूंना चेतवते. लठ्ठपणात रक्तदाब वाढण्यामागे हे एक कारण मानतात.

निरोगी मूत्रपिंड गाळलेली जवळजवळ सर्व साखर रक्तात परत घेते. मधुमेहावरील एसजीएलटी-२ रोधक औषधे हे शोषण अडवतात, आणि रोज सुमारे ६० ते ८० ग्रॅम ग्लुकोज लघवीतून जाऊ शकते. एवढ्या गळतीच्या मानाने वजन फारच थोडे उतरते व काही महिन्यांत स्थिरावते. मेंदू तूट ओळखतो आणि भूक वाढवून ती बरीचशी भरून काढतो.