आयत्या बागेवर नागोबा

पावसाळ्यात ठाण्याच्या येऊर डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी बायका पानांवर अळंबीचे वाटे लावून बसतात. त्यातली लांब मुळासारख्या देठाची अळंबी वारुळावर उगवते. आपण मुंग्यांचं वारूळ म्हणतो खरं, पण ते बांधते वाळवी. आणि वाळवी मुंगी नव्हेच, ती झुरळाच्या भावकीतली. चावलेला पाचोळा पोटातून काढून ती जमिनीखाली स्पंजासारखं पोळं रचते, त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी पिकवते आणि तीच खाते. अळंबी हा त्या पिकाचा तुरा.

शेती म्हटली की तण आलंच. खऱ्याखुऱ्या शेतकरी मुंग्या फक्त अमेरिका खंडांत आहेत. तिथल्या पानकापी मुंग्या पानं कुरतडून आणतात, ती स्वतः न खाता बुरशीला खाऊ घालतात. या बागांत एस्कोव्हॉप्सिस नावाची दुसरी बुरशी घुसते आणि थेट पिकालाच खाते. १९९९ मध्ये संशोधक कॅमेरॉन करी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हा या बागांवरच पोसणारा परजीवी आहे. नवी राणी लग्नाच्या उड्डाणाला निघताना माहेरच्या बुरशीची गोळी तोंडात घेऊन जाते. त्या गोळीत तो सापडला नाही. म्हणजे आंदण स्वच्छ, रोग मागाहून बाहेरून येतो.

मुंग्या निंदणी करतात, रोगट तुकडे तोडून बाहेर टाकतात. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांच्या अंगावरचं पांढरं पीठ. ते पीठ म्हणजे स्यूडोनोकार्डिया हे जिवाणू, आणि ते एस्कोव्हॉप्सिसला रोखणारी प्रतिजैविकं बनवतात. औषधाचं दुकान अंगावरच! अर्थात प्रत्येक जातीच्या अंगावर ते नसतं.

आपल्या वाळवीच्या बागेतला नागोबा वेगळ्या स्वभावाचा. झायलेरिया गटातली ही बुरशी पोळ्यात गुपचूप दबून असते. वाळवी नांदती असेतो तिचं नखही दिसत नाही. पण वाळवीविना पोळं ओलसर डब्यात ठेवलं, की काही दिवसांत तीच सगळीकडे माजते. तिला परजीवी म्हणावं की घर रिकामं व्हायची वाट पाहणारा पोटभाडेकरू? मी दुसऱ्या बाजूचा.

नागपंचमीला वारूळ पुजताना जरा वाकून बघा. पांढऱ्या छत्र्या असतील तर खाली शेत पिकतंय. काळ्या, बोटांसारख्या काड्या वर आल्या असतील, तर शेतकरी बहुधा गाव सोडून गेलाय.