ध्रुवीय तेल व वायू साठे

ध्रुवीय तेल व वायू साठे : उत्तर ध्रुववृत्ताच्या (६६.५° उ.) पलीकडे जमिनीखाली व उथळ समुद्रतळाखाली असलेले कच्च्या तेलाचे व नैसर्गिक वायूचे साठे. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या संभाव्य साठ्यांनाही ही संज्ञा लावतात. पण तिथून आजवर एक पिंपही काढलेले नाही, आणि काढायला मनाई आहे.

या विषयावर बोलताना जो आकडा हमखास पुढे केला जातो, तो अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा २००८ सालचा. त्यानुसार उत्तर ध्रुवीय प्रदेशात सुमारे ९,००० कोटी पिंपे (बॅरल; एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर) तेल आणि १,६६९ लाख कोटी घनफूट वायू सापडायचा बाकी आहे. म्हणजे जगातल्या न सापडलेल्या तेलापैकी अंदाजे १३ टक्के आणि वायूपैकी ३० टक्के. यातला सुमारे ८४ टक्के साठा समुद्राखाली असावा. वर्तमानपत्री मथळ्यांत ‘न सापडलेला’ हा शब्द गळतो आणि घोटाळा तिथेच होतो. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला सांगायचे तर हा अंदाज उभ्या उसाचाही नव्हे, लागणीआधीच्या रानाचा आहे. शिवाय त्यात खर्चाचा हिशेब धरलेलाच नाही. जग रोज सुमारे १० कोटी पिंपे तेल वापरते. त्या दराने हे सगळे तेल ९०० दिवसांचे. वायू मात्र जगाला अकरा-बारा वर्षे पुरेल इतका भरतो. ध्रुवाची खरी श्रीमंती वायूची आहे, तेलाची नव्हे.

बर्फाच्या मुलखात तेल कसे, हा प्रश्न शाळकरी मुलेही विचारतात. तेल बनते ते गाडल्या गेलेल्या जुन्या जीवांच्या अवशेषांतून, आणि तो मुलूख नेहमीच गोठलेला नव्हता. २००४ मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या लोमोनोसोव्ह कटकावर (समुद्राखालच्या डोंगररांगेवर) समुद्रतळ खोदला, तेव्हा सुमारे ४.९ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत अझोलाचे अवशेष मिळाले. आपल्याकडे गोठ्याशेजारच्या टाकीत म्हशींसाठी वाढवतात, तेच हे गोड्या पाण्यातले शेवाळवजा नेचे. सध्या तेल देणाऱ्या मोठ्या क्षेत्रांचे उगमखडक (ज्यांत तेल तयार होते ते खडक) मात्र याहून पुष्कळ जुने आहेत : अलास्कात ट्रायासिक काळातले, पश्चिम सायबेरियात मुख्यतः जुरासिक काळातले.

१९६८ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रुडो बे हे प्रचंड क्षेत्र सापडले. तेल सापडले, पण न्यायचे कसे? किनारा वर्षातला बराच काळ बर्फाने बंद. म्हणून दक्षिणेच्या व्हाल्डिझ बंदरापर्यंत सुमारे १,२८७ किमी. लांबीची वाहिनी टाकली. १९७७ मध्ये तिच्यातून तेल वाहू लागले. गरम तेलाचा नळ कायम गोठलेल्या जमिनीत पुरला, तर माती वितळून नळच खचेल. म्हणून निम्म्याहून अधिक वाहिनी खांबांवर उचलली आणि बऱ्याच खांबांत अमोनिया भरलेल्या नळ्या बसवल्या. त्या जमिनीतली उष्णता थंडीत वर ओढून हवेत सोडतात. मुळाशी गारवा राखणारे हे यंत्र विजेशिवाय चालते. २००२ मध्ये ७.९ तीव्रतेच्या भूकंपातही वाहिनी फुटली नाही. १९८८ मध्ये तिच्यातून रोज २० लाखांहून अधिक पिंपे जात. आज त्याच्या चौथाईइतकीही जात नाहीत. प्रवाह मंदावला की तेल वाटेत थंड होते आणि, थंडीत काकवी घट्ट व्हावी तसे, त्यातले मेण नळाला धरू लागते.

याच व्हाल्डिझहून निघालेले ‘एक्झॉन व्हाल्डिझ’ जहाज २४ मार्च १९८९ रोजी खडकावर आपटले. सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेले.

रशियाचा वाटा सर्वांत मोठा. उरेंगॉय (१९६६), यांबुर्ग, बोव्हानेन्कोवो ही त्याची वायूक्षेत्रे याच पट्ट्यात आहेत. यमाल द्वीपकल्पावरील साबेट्टा येथून २०१७ च्या अखेरीस द्रवीभूत वायू निघू लागला. तो नेणारी जहाजे स्वतःच बर्फ फोडत जातात. नॉर्वेने स्न्योव्हित (२००७), गोलियात (२०१६) आणि योहान कास्टबर्ग (२०२५) ही क्षेत्रे चालू केली. तिथे गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाच्या उबदार पाण्यामुळे समुद्र गोठत नाही, हे विसरून नॉर्वेचे उदाहरण सगळ्या ध्रुवाला लावतात. अलास्काच्या वायव्येकडील चुकची समुद्रात शेल कंपनीने सुमारे ७०० कोटी डॉलर ओतले, विहीर खोदली आणि २०१५ मध्ये काढता पाय घेतला. रशियाचे श्टोकमान हे महाकाय वायूक्षेत्र १९८८ पासून माहीत असूनही तसेच पडून आहे. ग्रीनलंडने २०२१ मध्ये नवे शोधपरवाने बंद केले.

भारताचा संबंध दूरचा वाटला, तरी तो आहे. रशियातल्या, ध्रुववृत्तापलीकडच्या वांकोर तेलक्षेत्रात भारतीय सरकारी कंपन्यांनी २०१६ मध्ये मिळून जवळपास निम्मा हिस्सा घेतला. २०२२ नंतर रशियाच्या मुर्मान्स्क बंदरामार्गे येणारे ध्रुवीय तेलही भारतीय शुद्धीकरण कारखान्यांत उतरू लागले. कोल्हापूरच्या बाजूने पाहायचे तर दाभोळला उतरणारा आयात वायू ज्या वाहिनीने बंगळुरूकडे जातो, ती जिल्ह्यातूनच जाते. तो वायू कोणत्या देशाचा, हे वाहिनीत शिरल्यावर सांगता येत नाही. आणि बर्फाला नावे ठेवण्याआधी हेही आठवावे, की लाटा अडवणारा बांध पुरा नसल्याने दाभोळला कित्येक वर्षे पावसाळ्यात वायूची जहाजे लागत नसत.

दक्षिण ध्रुवाची कथा वेगळी. १९७२–७३ मध्ये रॉस समुद्रात ‘ग्लोमार चॅलेंजर’ जहाजाने केलेल्या छिद्रणात मिथेन व इथेन वायूचे अंश मिळाले आणि देशांचे कान टवकारले. खनिजांचे नियमन करणारा १९८८ चा करार अमलात येण्याआधीच बारगळला. त्याऐवजी १९९१ चा माद्रिद करार (अंटार्क्टिक कराराला जोडलेला, पर्यावरण-रक्षणाचा पूरक करार) झाला, तो १९९८ पासून लागू आहे. त्यानुसार वैज्ञानिक संशोधन वगळता खनिजांसंबंधी कोणतेही काम करता येत नाही. ही बंदी २०४८ मध्ये संपते, असा समज आहे. तो चुकीचा आहे : त्या वर्षानंतर पुनर्विचाराची परिषद मागता येईल, इतकेच. भारत १९८३ पासून अंटार्क्टिक कराराचा सल्लागार (म्हणजे निर्णयात मत असलेला) सदस्य असून २०२२ चा भारतीय अंटार्क्टिक कायदाही तिथले खनिज उत्खनन निषिद्ध ठरवतो. तिथल्या भारताच्या ‘मैत्री’ संशोधन केंद्रावर वीज मिळते ती डिझेल जनित्रांतून, म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याला ऑइल इंजिन म्हणतात त्याच्या भाऊबंदांतून, आणि त्यांचे इंधन जहाजाने न्यावे लागते.