यकृताच्या बायोप्सीच्या पद्धती : तुलनेमागचा इतिहास

इंदूरमधल्या एखाद्या मराठी घरात कोणाला यकृताची बायोप्सी (तपासणीसाठी यकृताचा बारीक तुकडा काढणे) सांगितली गेली, की ‘बरगड्यांमधून करायची की मानेतून, आणि यांत सुरक्षित कोणती’ असा प्रश्न हमखास निघतो. प्रश्न रास्त आहे, मात्र या दोन पद्धती एकाच प्रकारच्या रुग्णासाठी निघालेल्या नाहीत, हे त्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडताना सहसा विसरले जाते.

१८८३ मध्ये जर्मनीत पाउल एर्लिख यांनी मधुमेही रुग्णाच्या यकृतातील ग्लायकोजेन (साठवलेली साखर) तपासण्यासाठी सुई वापरली. निदानाचे साधन म्हणून या सुईला महत्त्व आले ते मात्र १९३९ मध्ये, कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि रोहोल्म यांनी काविळीवरचे आपले काम प्रसिद्ध केल्यावर. १९५८ मध्ये इटलीच्या मेंगिनी यांनी ‘एका सेकंदाची’ बायोप्सी मांडली. सुई यकृतात क्षणभरच राहत असल्याने श्वासाच्या हालचालीमुळे यकृत फाटण्याचा धोका घटला आणि ही तपासणी सर्वत्र रुळली.

तरीही ज्यांचे रक्त नीट गोठत नाही किंवा ज्यांच्या पोटात पाणी झाले आहे, त्यांना बाहेरून, म्हणजे बरगड्यांमधून, सुई घालणे धोक्याचेच होते, आणि यकृताच्या गंभीर आजारात नेमके हेच रुग्ण अधिक. १९७०च्या सुमारास मानेतील शिरेतून यकृताच्या शिरेपर्यंत नळी नेऊन तुकडा घेण्याची पद्धत आली, ती यांच्यासाठी. तीत होणारा रक्तस्राव बहुधा शिरेतच परततो. पुढे, १९८४ मध्ये, बाहेरून केलेले छिद्र जिलेटिनने बुजवण्याची पद्धतही याच गरजेतून मांडली गेली.

आता आकडे पाहू. इटलीतील ६८,२७६ बायोप्सींच्या १९८६च्या पाहणीत, बाहेरून सुई घालण्याच्या पद्धतीत, मृत्यूचे प्रमाण लाखात ९ होते, आणि निम्म्याहून अधिक गुंतागुंती पहिल्या दोन तासांतच उघड झाल्या. बायोप्सीनंतर रुग्णाला काही तास निजवून ठेवतात ते यासाठीच. मानेतून केलेल्या ७,६४९ बायोप्सींच्या २००७च्या आढाव्यात हे प्रमाण ०.०९ टक्के, म्हणजे लाखात ९० आढळले. केवळ यावरून दुसरी पद्धत दहापट घातक ठरवणे चुकीचे होईल, कारण तिच्याकडे पाठवलेले रुग्ण मुळातच अधिक आजारी होते.

परिणामकारकतेचा हिशेब निराळा. नमुना यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा असतो, म्हणून त्याची लांबी आणि त्यात किती पोर्टल ट्रॅक्ट (बारीक रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकांचे जुडगे) सापडतात याला महत्त्व आहे. मानेतून मिळणारे तुकडे बारीक आणि अनेकदा तुटके असल्याने सुई अधिक वेळा चालवावी लागते. मात्र त्याच खेपेत यकृताच्या शिरेतील दाब मोजता येतो, ही सोय बाहेरच्या सुईत नाही.