मॉड्रिचची एक सही आणि तिच्यामागची वर्षं

जून 2017. क्रोएशियातल्या ओसियेकच्या न्यायालयात फुटबॉलपटू लुका मॉड्रिच साक्षीदार म्हणून उभा होता. रेआल माद्रिदकडून तिसरी चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकून त्याला काही दिवसच झाले होते. प्रश्न एवढाच होता, की डिनामो झाग्रेब या त्याच्या जुन्या क्लबबरोबरच्या करारातली ती पुरवणी नेमकी कधी सही झाली? टॉटनहॅम या इंग्लिश क्लबला विकलं जाण्याआधी, की नंतर? तपासात त्यानं ‘नंतर’ असं सांगितलं होतं. न्यायालयात मात्र त्यानं तो जबाब फिरवला आणि पुढच्या बऱ्याच प्रश्नांना ‘आठवत नाही’ असं उत्तर दिलं. त्या दोन शब्दांची देशभर टर उडाली. झादारमधल्या ज्या हॉटेलात तो लहानपणी निर्वासित म्हणून राहिला होता, त्याच्या भिंतीवर कुणीतरी रंगवून ठेवलं : लुका, एक दिवस तुला हे आठवेल.

वर्षभरानं त्याच माणसाला पाहायला झाग्रेबच्या रस्त्यांवर लाखो लोक लोटले. मॉड्रिचची गोष्ट बहुधा निर्वासित पोराची परीकथा म्हणून सांगितली जाते. मला ती परीकथा अर्धवट वाटते. कारण ते हॉटेल, तो करार आणि ते न्यायालय एकाच धाग्यात ओवलेले आहेत.

जन्म 9 सप्टेंबर 1985, झादारचा. लहानपण वेलेबिट पर्वताच्या पायथ्याच्या वस्तीत, आजोबांच्या दगडी घरात गेलं. आजोबांचं नावही लुकाच. पाचेक वर्षांचा लुका जाड जाकीट घालून, हातात काठी घेऊन शेळ्या हाकतोय असं जुनं चित्रीकरण आहे, ते पुढे जगभर फिरलं. क्रोएशियातल्या युद्धात, डिसेंबर 1991 मध्ये, सर्ब बंडखोरांनी आजोबांना घराजवळच गोळ्या घातल्या. घर जाळलं गेलं, कुटुंब झादारला पळालं आणि पुढची काही वर्षं हॉटेलांच्या खोल्यांत गेली. वडील स्टिपे सैन्यात गेले. शहरावर तोफगोळे पडत आणि हॉटेलच्या गाड्या लावायच्या जागेत हा मुलगा चेंडू बडवत असे.

तिथून तो एनके झादारच्या अकादमीत गेला. अकादमीचे प्रमुख टोमिस्लाव्ह बाशिच यांनी त्याच्यासाठी लाकडाचे शिनगार्ड बनवून दिले होते. नडगीवर लाकूड बांधून खेळणारं हे किडकिडीत पोर हायडुक स्प्लिट या क्लबला काही पसंत पडलं नाही. अंगानं फारच लहान म्हणून त्यांनी परत पाठवलं. दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या मुलासाठी हायडुक म्हणजे सर्वस्व असतं, त्यामुळे हा नकार चांगलाच लागला असणार. पुढे बाशिच यांच्याच खटपटीनं तो हायडुकच्या कट्टर वैऱ्याकडे, डिनामो झाग्रेबकडे गेला.

डिनामोनं त्याला 2003 मध्ये बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्टारकडे उसना दिला. तिथली मैदानं खडबडीत आणि टॅकल त्याहून. अठराव्या वर्षी तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बोस्नियात खेळता आलं की कुठेही खेळता येतं, असं तो नंतर म्हणत असे. मग इंटर झाप्रेशिचकडे एक उसना हंगाम. आणि 2005 मध्ये डिनामोनं त्याच्यापुढे दहा वर्षांचा करार ठेवला.

वीस वर्षांच्या खेळाडूनं दहा वर्षं एका क्लबला बांधून घ्यावं, हा आज वेडेपणा वाटेल. पण हॉटेलच्या खोलीत वाढलेल्या मुलाच्या बाजूनं बघा. त्या पैशातून त्यानं घरच्यांसाठी झादारमध्ये फ्लॅट घेतला. चौदा वर्षांनी त्यांचं स्वतःचं घर झालं. याच काळात डिनामोत सत्ता होती ती झ्द्राव्को मामिच याची. करारांच्या पुरवण्यांनुसार खेळाडू विकल्यावर रकमेचा मोठा हिस्सा खेळाडूला मिळायचा आणि त्यातला मोठा वाटा पुन्हा मामिच मंडळींकडे वळायचा. तपास यंत्रणेचं म्हणणं, कागदावरच्या तारखा मागच्या घातल्या होत्या. जून 2018 मध्ये मामिचला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा तो बोस्नियात जाऊन बसला होता. मॉड्रिचवर मार्च 2018 मध्ये खोट्या साक्षीचा आरोप ठेवला गेला, तो त्याच वर्षअखेरीपर्यंत न्यायालयात टिकला नाही. कायद्यानं तो सुटला. लोकांनी त्याला माफ केलं का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मैदानावर मिळालं.

डिनामोबरोबर सलग तीन लीग जिंकून तो 2008 मध्ये साडेसोळा दशलक्ष पौंडांना टॉटनहॅममध्ये आला. संघाची सुरुवात भयंकर होती, पहिल्या आठ सामन्यांत फक्त दोन गुण. इंग्लंडच्या धसमुसळ्या खेळात हे पोर टिकणार नाही, हा हायडुकचाच निकाल आता इंग्रजीत ऐकू येऊ लागला. प्रशिक्षक म्हणून हॅरी रेडनॅप आले आणि त्यांनी त्याला हळूहळू मैदानाच्या मध्यभागी, खोलवर आणलं. मॉड्रिचला गोलाजवळ नव्हे, आपल्या बचावफळीसमोर चेंडू हवा असतो, हे तिथं कळलं. क्लबनं 2010 मध्ये चौथं स्थान आणि चॅम्पियन्स लीगचं दार गाठलं. पुढच्या उन्हाळ्यात चेल्सीनं बोली 40 दशलक्ष पौंडांपर्यंत नेली आणि मॉड्रिचनं जाऊ द्या म्हणून सांगितलं. अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांनी ठाम नकार दिला. करार हा विषय काही त्याचा पिच्छा सोडत नव्हता.

ऑगस्ट 2012 मध्ये रेआल माद्रिदनं त्याला घेतलं, तेही पूर्वतयारीचा काळ हुकल्यावर. डिसेंबरात ‘मार्का’ दैनिकाच्या वाचकांनी त्याला हंगामातली सर्वांत फसलेली खरेदी ठरवलं. मार्च 2013 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड आघाडीवर असताना तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि काही मिनिटांत बॉक्सबाहेरून मारलेला त्याचा फटका खांबाला घासून आत गेला. पुढच्या वर्षी लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात 93व्या मिनिटाला सर्जिओ रामोसनं ज्यावर हेडर मारला तो कॉर्नर मॉड्रिचचा होता. ‘फसलेली खरेदी’ हा शब्द नंतर कुणी काढला नाही.

त्याचा खेळ आकड्यांत का मावत नाही, ते एका गोष्टीवरून कळतं : उजव्या पायाची बाहेरची बाजू. आतल्या बाजूनं पास द्यायचा तर कंबर वळवावी लागते, अंगाचा कोन बदलतो आणि समोरचा बचावपटू तो वाचतो. बाहेरच्या बाजूनं मारताना धावता धावता, काहीही न वळवता चेंडू निघतो. अर्धा सेकंद वाचतो, आणि 172 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला तेवढाच पुरतो. एप्रिल 2022 मध्ये चेल्सी माद्रिदच्या मैदानावर 3-0 नं पुढे होती. 80व्या मिनिटाला मॉड्रिचनं डावीकडून, बचावफळीच्या डोक्यावरून, बाहेरच्या बाजूनं चेंडू वळवला आणि रॉड्रिगोनं तो जमिनीवर पडूच दिला नाही. तो पास मी किती वेळा मागे नेऊन पाहिला, याचा हिशेब ठेवलेला नाही. जादा वेळेत बेन्झेमाच्या हेडरनं रेआल दोन सामन्यांच्या एकत्रित गोलसंख्येवर पुढे गेली, आणि पुढे चषकही जिंकली.

देशासाठीची वाट याहून खडतर. 1 मार्च 2006 रोजी बाझेलमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध पदार्पण, 3-2 असा विजय. युरो 2008 या युरोपीय देशांच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत तुर्कस्तानविरुद्ध शूटआउटमध्ये त्याची पेनल्टी बाहेर गेली. दहा वर्षांनी, 2018 च्या विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध 116व्या मिनिटाला पुन्हा पेनल्टी, आणि कॅस्पर श्मायकेलनं ती अडवली. काही मिनिटांत शूटआउट आला. ज्याची पेनल्टी नुकतीच अडवली गेली तो कर्णधार पुन्हा चालत गेला, त्याच गोलकीपरसमोर उभा राहिला आणि चेंडू जवळपास मधोमध मारून मोकळा झाला. माझ्या मते त्याची अख्खी कारकीर्द त्या चालत जाण्यात दिसते. मग रशियाला शूटआउटमध्ये, इंग्लंडला जादा वेळेत हरवलं. सुमारे 40 लाख वस्तीचा देश अंतिम फेरीत पोहोचला आणि फ्रान्सकडून 4-2 असा हरला. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मॉड्रिचला मिळाला. डिसेंबरात तेहतिसाव्या वर्षी वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बॅलन डी’ऑर मिळालं आणि 2008 पासूनची मेस्सी-रोनाल्डोची मक्तेदारी मोडली.

खरं तर इथं गोष्ट थांबायला हवी होती. पण 2022 च्या विश्वचषकात ब्राझीलला घरी पाठवून क्रोएशिया तिसरा आला. 2023 मध्ये नेशन्स लीग या युरोपीय देशांच्या स्पर्धेची अंतिम फेरी स्पेनविरुद्ध पेनल्टींवर हातची गेली. युरो 2024 मध्ये इटलीविरुद्ध डोन्नारुम्मानं त्याची पेनल्टी अडवली आणि मिनिटभराच्या आत त्यानंच गोल केला. 38व्या वर्षी तो युरोतला सर्वांत वयस्क गोल करणारा ठरला. शेवटच्या क्षणी इटलीच्या झाक्कान्यीच्या गोलनं बरोबरी झाली आणि सामनावीराचं पारितोषिक घेताना त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

रेआलमधून तो 2025 च्या उन्हाळ्यात बाहेर पडला तेव्हा नावावर सहा चॅम्पियन्स लीग आणि 28 चषक होते, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक. निवृत्तीऐवजी त्यानं एसी मिलान निवडला. लहानपणी तो त्याचा लाडका क्लब, कारण तिथं क्रोएशियाचा झ्वोनिमिर बोबान खेळायचा. 9 सप्टेंबरला तो चाळिशीचा झाला. पाच दिवसांनी बोलोन्याविरुद्ध मिलाननं 1-0 नं सामना जिंकला, आणि तो एक गोल मॉड्रिचचा होता.